शेतकऱ्यांचा लोप: एका मराठी शब्दगणनेचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण पुण्यात संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातले आहे. एका जुन्या शेतीविषयक मराठी मासिकाचे १९६५ ते २००५ या काळातील अंक संगणकावर आणायचे, त्यांतील शब्दांची वर्षवार गणना करायची आणि शेती, पाणी, कर्ज, बाजार यांविषयीची भाषा चार दशकांत कशी बदलत गेली हे तपासायचे, असा तिचा विषय होता. मी त्याच प्रयोगशाळेत काम करतो आणि तपासाच्या बऱ्याच टप्प्यांवर तिच्यासोबत होतो. ही नोंद तिच्या संमतीने लिहिली आहे. तिचे, संस्थेचे आणि मासिकाचे नाव तिच्या इच्छेनुसार दिलेले नाही.

वरवर पाहता ही एका बिघडलेल्या प्रोग्रामची हकीकत आहे. परंतु हा बिघाड वेळीच सापडला नसता तर महाराष्ट्राच्या शेतीविषयी एक खोटे विधान आकडेवारीच्या बळावर छापले गेले असते, आणि ते खोटे आहे हे कोणाच्या सहजासहजी लक्षातही आले नसते. म्हणून ते तपशिलाने मांडणे मला आवश्यक वाटते.

सामग्री आणि तिची दोन उगमस्थाने

मासिकाचे अंक दोन प्रकारे उपलब्ध होते. जुने अंक खिळे जुळवून छापलेले होते. त्यांची पाने पेठेतील एका ग्रंथालयात स्कॅन करून ओसीआरच्या, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या साधनाच्या, साहाय्याने त्यांचा मजकूर केला गेला. साधारण १९९२ पासूनचे अंक मात्र नारायण पेठेतील एका डीटीपी करणाऱ्या गृहस्थांकडे पेजमेकरच्या फाइलींच्या रूपात शिल्लक होते. त्यांनी त्या सीडींवर जपून ठेवल्या होत्या आणि मागितल्यावर कसलीही अपेक्षा न ठेवता दिल्या. स्कॅन करण्याचे कष्ट वाचले याचा विद्यार्थिनीला साहजिकच आनंद झाला.

या दुसऱ्या प्रकारच्या फाइलींविषयी थोडे सांगायला हवे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी प्रमाण प्रणाली, सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फॉन्टांत जुळवला जाई, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि १९८८ मध्ये पुण्यातच स्थापन झालेल्या सी-डॅकचे आयएसएम ही नावे त्या काळात डीटीपीच्या दुकानांत घरोघरीच्या भांड्यांसारखी परिचयाची होती. अशा फाइलीत संगणकाच्या दृष्टीने ‘क’, ‘ख’ अशी अक्षरे नसतातच. तिथे असतात ती काना, मात्रा, अर्धे अक्षर, रफार अशा सुट्या आकारांची स्थाने. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली की रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग दिसतो. त्यामुळे असा मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक वापरावा लागतो, आणि कोणत्या आकारासाठी कोणता संकेतांक द्यायचा हे त्या परिवर्तकाच्या कर्त्याने ठरवलेले असते.

कामाच्या आरंभी आणखी एक अडचण येऊन गेली होती, तिचा उल्लेख थोडक्यात करतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील मूळ रेगेक्स साधनात, म्हणजे मजकुरातील नमुने शोधण्याच्या साधनात, ‘शब्दात येणारे अक्षर’ ओळखण्याची जी तयार सोय आहे, ती देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. परिणामी ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे पडतात आणि ‘शेतकरी’चे ‘श’ आणि ‘तकर’. हा दोष नजरेला लगेच दिसतो, म्हणूनच तो फारसा धोकादायक नाही. पर्यायी रेगेक्स मॉड्यूल वापरून तिने तो पहिल्या आठवड्यातच दूर केला.

एक आकर्षक निष्कर्ष

पूर्ण गणना प्रयोगशाळेतील संगणकावर झाली, आणि तिच्यातून एक आलेख निघाला. ‘शेतकरी’ हे मूळ रूप चारही दशकांत कमी-अधिक सारख्याच प्रमाणात येत होते. पण ‘शेतकऱ्यांना’, ‘शेतकऱ्यांच्या’, ‘शेतकऱ्याने’, ‘शेतकऱ्यांसाठी’ ही विभक्तिप्रत्यय लागलेली रूपे १९९२ च्या सुमारास अचानक खाली येत होती आणि पुढे जवळजवळ नाहीशी होत होती.

हे वर्ष कोणते आहे हे लक्षात घेतले म्हणजे हा आलेख किती मोहक होता ते कळेल. जुलै १९९१ मध्ये देशात आर्थिक उदारीकरण सुरू झाले. जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आली आणि तिच्यासोबत शेतीविषयीचा करारही लागू झाला. या दोन तारखांच्या दरम्यान एका मराठी मासिकात ‘शेतकऱ्याने’ काही केल्याचे, ‘शेतकऱ्यांना’ काही मिळाल्याचे, ‘शेतकऱ्यांचे’ काही असल्याचे उल्लेख थांबतात आणि केवळ ‘शेतकरी’ नावाचा एक वर्ग उरतो, हे वाचल्यावर समाजशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासकाचे कान टवकारले असते. मार्गदर्शक मॅडमनाही त्यात तथ्य दिसले. व्याकरणातील विभक्ती आणि समाजातील स्थान यांचा असा मेळ क्वचितच हाती लागतो, असे त्यांचे मत पडले, आणि त्यावर स्वतंत्र लेखाचा आराखडाही तयार झाला.

मी मॅडमना किंवा विद्यार्थिनीला यात दोष देत नाही. आकडे एखाद्या माहीत असलेल्या ऐतिहासिक वळणाशी जुळून येतात तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण आपोआपच मिळते. नेमके त्याच वेळी आकड्यांचा उगम बदलला आहे का, हा प्रश्न विचारायला हवा असतो. या प्रकरणात तो बदलला होता: खिळ्यांच्या छपाईकडून डीटीपीकडे मासिक वळले तेही १९९२ मध्येच.

गुरुवारची वीज

शंकेची सुरुवात मात्र या विचारातून झाली नाही. गुरुवारी देखभालीच्या कामासाठी वीज जाते हे पुणेकरांच्या अंगवळणी पडलेले आहे. त्या दिवशी प्रयोगशाळेतील यूपीएसने फार वेळ साथ दिली नाही आणि चालू असलेली गणना अर्ध्यावर तुटली. एका परिसंवादासाठी काही वर्षांचे तक्ते संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते. म्हणून विद्यार्थिनीने कोथरूडमधील आपल्या खोलीवर जाऊन तेवढ्या वर्षांची गणना स्वतःच्या लॅपटॉपवर केली. प्रोग्राम तोच होता, फाइली त्याच होत्या. लॅपटॉपच्या तक्त्यात १९९६ सालच्या अंकांत ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द भरपूर वेळा आला होता. प्रयोगशाळेच्या तक्त्यात त्याच अंकांत तो नव्हताच.

दोन संगणक एकाच प्रश्नाला दोन उत्तरे देतात तेव्हा पहिला संशय यंत्रावर जातो, आणि वीज नुकतीच गेलेली असल्याने तो अधिकच बळावला. अचानक बंद पडल्यामुळे डिस्कवरील फाइली बिघडल्या असाव्यात असे आम्हाला वाटले. दोन्हीकडील मूळ फाइलींचे शा-२५६ ठसे, म्हणजे मजकुरावरून काढलेले ओळखअंक, काढून पाहिले, ते तंतोतंत जुळले. त्यानंतर पायथनच्या दोन वेगळ्या आवृत्त्यांवर संशय घेतला, कारण प्रत्येक आवृत्तीसोबत युनिकोडची वेगळी आवृत्ती येते. पण या शब्दातली सगळी अक्षरे युनिकोडमध्ये इतकी जुनी आहेत की त्या फरकाचा येथे परिणाम होणे शक्य नव्हते. शब्दांचा क्रम लावताना वापरली जाणारी भाषिक मांडणीही दोन्हीकडे सारखी करून पाहिली. फरक कायम राहिला.

खरा धागा मिळाला तो दुसऱ्याच बाजूने. विद्यार्थिनीने दोन तक्ते शेजारी ठेवून, प्रयोगशाळेच्या तक्त्यात नसलेल्या आणि लॅपटॉपच्या तक्त्यात असलेल्या सर्व शब्दांची यादी काढली. त्या यादीत ‘शेतकऱ्यांना’ होते, तसेच ‘व्यापाऱ्यांनी’ आणि ‘अधिकाऱ्यांकडे’ होते. ‘चाऱ्याची’, ‘पेऱ्याखालील’, ‘सऱ्या’, ‘वाऱ्याचा’, ‘बकऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘चऱ्हाट’ होते. आणि ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘खऱ्या’ हेही होते.

ही यादी मला या सबंध प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटते. उदारीकरणानंतर शेतकऱ्यांचा उल्लेख घटला असे म्हणता येईल, चाऱ्याचाही घटला असे ओढूनताणून म्हणता येईल. परंतु ‘दुसऱ्या’ हा शब्द १९९२ नंतर मराठीतून नाहीसा व्हावा असे कोणतेही आर्थिक धोरण नाही. ‘बाजरी’, ‘विहीर’, ‘ऊस’, ‘खत’ हे शब्द तसेच होते. गेलेल्या शब्दांत अर्थाचे काही साम्य नव्हते. साम्य होते ते लेखनाचे. त्या प्रत्येकात अर्धा ‘र’ होता, तो ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ या जोडाक्षरांतला.

अर्धा ‘र’ संगणकात कसा साठतो

मराठीत ‘र’ पुढच्या व्यंजनाला दोन प्रकारे जोडला जातो. ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘धैर्य’ यांत तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो आणि आधीच्या अक्षरावर उच्चाराचा आघात पडतो. ‘शेतकऱ्याने’, ‘दऱ्या’, ‘गाऱ्हाणे’ यांत तो पुढच्या अक्षराच्या डाव्या अंगाला आडवा राहतो आणि आघात पडत नाही. हा केवळ वळणाचा फरक नाही. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी वळणे वेगळी दिसतात, पण तिथे अर्थ बदलत नाही आणि संकेतांकही एकच असतो. इथे अर्थ बदलतो, म्हणून संकेतांकांची मालिकाही वेगळी असणे भाग आहे.

युनिकोडमध्ये ही मालिका दोन रीतींनी लिहिता येते आणि दोन्ही अधिकृत आहेत. पहिल्या रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे यू+०९३१, घेऊन त्याचा पाय मोडतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘र’ची कळ दाबली की हेच अक्षर उमटते. युनिकोडचा देवनागरी विभाग भारतीय इस्की या संकेतप्रणालीवर आधारलेला असल्याने ही रीत तिथूनच आली. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, म्हणजे यू+०९३०, त्यापुढे पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे यू+२००डी, असे लिहितात. हा जोडक डोळ्यांना दिसत नाही; आधीच्या ‘र’ला रफार होऊ देऊ नये एवढेच तो सांगतो. ही रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीतली असून जुन्या मजकुरांसाठी आजही मान्य आहे. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात.

मात्र संगणक तुलना करतो ती संकेतांकांची. पहिल्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’त पाच संकेतांक असतात. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला तीन बाइट लागतात, म्हणून त्याचे पंधरा बाइट होतात. दुसऱ्या रीतीत जोडक वाढल्याने सहा संकेतांक आणि अठरा बाइट होतात. तो अदृश्य जोडक काढून टाकला तर पुन्हा पाच संकेतांक आणि पंधरा बाइट उरतात, परंतु शब्द आता ‘दऱ्या’ राहिलेला नसतो. तो ‘दर्या’ झालेला असतो. फाइलींचे आकारमान पाहून हा बदल ओळखता येत नाही तो यामुळे.

येथपर्यंत आल्यावर उरलेला उलगडा एका संध्याकाळचा होता. ओसीआरमधून आलेला जुना मजकूर पहिल्या रीतीने लिहिलेला निघाला. डीटीपीच्या फाइलींवर वापरलेला परिवर्तक अर्ध्या ‘र’साठी दुसरी रीत वापरत होता. आणि गणनेपूर्वी मजकूर स्वच्छ करण्यासाठी लावलेले एक मुक्तस्रोत पॅकेज शून्य रुंदीची सर्व चिन्हे पुसून टाकत होते. १९९२ नंतरच्या प्रत्येक ‘शेतकऱ्यांना’चे त्याने ‘शेतकर्यांना’ केले होते. विद्यार्थिनीने शोधायच्या शब्दांची यादी स्वतः इनस्क्रिप्टवर टंकित केलेली, म्हणजे पहिल्या रीतीची; तिला त्यातले काहीच सापडणार नव्हते.

त्या पॅकेजच्या कर्त्यांनी मुळात चूक केली असे मला म्हणायचे नाही. ते हिंदीसाठी लिहिलेले होते. हिंदीत हा जोडक बहुधा जोडाक्षराचे वळण ठरवण्यापुरता येतो, त्यामुळे तो काढल्याने एकाच शब्दाची दोन रूपे एक होतात आणि शोध सुधारतो. लिपी एक म्हणजे नियम एक, असे गृहीत धरून ते मराठीला लावले गेले तिथे बिघाड झाला. हे गृहीतक फार ठिकाणी आढळते आणि ते मराठीच्या अभ्यासाचे प्रत्यक्ष नुकसान करते, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘शेतकरी’, ‘व्यापारी’, ‘कर्मचारी’ असे ईकारान्त पुल्लिंगी शब्द, ‘वारा’, ‘चारा’, ‘नवरा’ असे आकारान्त शब्द, ‘बकरी’, ‘नोकरी’, ‘भाकरी’ यांची अनेकवचने, ‘करणारा’सारखी सगळी विशेषणे, या सर्वांच्या सामान्यरूपात किंवा अनेकवचनात अर्धा ‘र’ येतो. मराठीचे कोणतेही पान घ्यावे, त्यात तो नाही असे सहसा होत नाही.

लॅपटॉपवर उत्तर बरोबर का आले, हा प्रश्न उरला होता. हा प्रोग्राम विद्यार्थिनीला प्रयोगशाळेतील एका माजी विद्यार्थ्याकडून मिळालेला होता. त्यात अशी योजना होती की ते पॅकेज संगणकावर असेल तर ते वापरावे आणि नसेल तर प्रोग्राममध्येच लिहिलेली छोटी पर्यायी पद्धत चालवावी. लॅपटॉपवर पॅकेज बसवलेले नव्हते, आणि त्या पर्यायी पद्धतीत जोडक असलेल्या ‘र’चे ‘ऱ’मध्ये रूपांतर करणारी एक ओळ होती. विद्यार्थिनीने त्या माजी विद्यार्थ्याला फोन करून विचारले, “दादा, ही ओळ तुम्ही मुद्दाम घातली होतीत का?” त्याने सांगितले की त्याच्या प्रबंधात ‘वऱ्हाड’ हा शब्द शोधूनही सापडत नव्हता, तेव्हा त्याने ती घातली होती, पुढे पॅकेज अधिक परिपूर्ण आहे असे वाटून त्याला अग्रक्रम दिला गेला. म्हणजे मराठीचे ज्ञान प्रोग्राममध्ये होते, पण प्रसिद्ध साधन हाताशी असले की ते बाजूला पडेल अशी त्याची जागा होती. शिवाय कोणता मार्ग घेतला याची कसलीही सूचना प्रोग्राम देत नव्हता. माझ्या मते प्रोग्राममधील सर्वांत गंभीर उणीव हीच होती.

दुरुस्ती

दुरुस्तीत क्रमाला महत्त्व होते. प्रथम मजकूर युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात आणला, कारण काही ठिकाणी ‘ऱ’ हे अक्षर साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, असे दोन संकेतांकांत लिहिलेले होते. एनएफसी ते जोडून एक करते. परंतु एनएफसी शून्य रुंदीच्या जोडकाला हात लावत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून त्यानंतर ‘र’, मोडलेला पाय आणि जोडक ही मालिका जिथे जिथे आढळली तिथे ‘ऱ’ आणि मोडलेला पाय अशी बदलली. हे झाल्यावरच उरलेली अदृश्य चिन्हे काढली. हाच क्रम उलटा केला तर काहीच वाचत नाही.

याच वेळी ‘ॲ’चाही बंदोबस्त झाला. हे अक्षर यू+०९७२ या संकेतांकाने युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र काढून काम भागवत. एनएफसी या दोहोंना एक मानत नाही, त्यामुळे ‘ॲझोटोबॅक्टर’ आणि ‘ॲसिड’ यांसारख्या शब्दांचीही तक्त्यात दोन दोन रूपे झाली होती. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागला.

मूळ फाइली जपलेल्या असल्याने बहुतेक मजकूर पुन्हा परिवर्तित करता आला. अडचण आली ती मोजक्या अंकांबाबत. त्यांच्या सीडी ग्रंथालयाच्या वाचनयंत्रात नंतर उघडेनात, आणि त्यांची फक्त पुसलेली प्रत शिल्लक होती. तिथे हरवलेला अर्धा ‘र’ अंदाजानेच परत आणायचा होता, आणि तो अंदाज व्याकरणाच्या आधारे करावा लागला. ‘शेतकर्यांना’ असा शब्द मराठीत नाहीच, त्यामुळे तो निःशंकपणे बदलता येतो. ‘र’ आणि ‘ह’ यांचा जोड देशी शब्दांत जवळजवळ नेहमी ‘ऱ्ह’ असतो, परंतु ‘अर्हता’ आणि ‘गर्हणीय’ हे संस्कृत शब्द अपवाद आहेत. सरसकट बदल केला असता तर कृषी पदविकेच्या जाहिरातीतील ‘शैक्षणिक अर्हता’ बिघडली असती. सर्वांत कठीण होते ते दोन्ही रूपांत अर्थपूर्ण असलेले शब्द. ‘भार्या’ म्हणजे पत्नी, पण शेतीच्या मासिकात कडब्याच्या भाऱ्यांचा उल्लेख पदोपदी येणार. ‘तुर्या’ हा अध्यात्मातला शब्द, पण उसाला तुरा येतो आणि ‘तुऱ्या’वर लेख असतात. असे शब्द विद्यार्थिनीने वेगळे काढले आणि प्रत्येक ठिकाणचे वाक्य वाचून निर्णय केला. या कामात तिला तिच्या आजीची मदत झाली, जिने हयातभर पुरंदर तालुक्यात कऱ्हेकाठी शेती केली आहे. ‘पेऱ्याखालील’ आणि ‘चाऱ्या फोडल्या’ यांसारख्या वाक्यांचा अर्थ तिने फोनवर विनाविलंब सांगितला. चारा जनावरांचा आणि चारी पाण्याची, हा भेद तक्त्यात स्वतंत्र रकाना करून नोंदवला गेला तो तिच्यामुळे.

निकाल

दुरुस्त मजकुरावर गणना पुन्हा केल्यावर १९९२ चा कडा नाहीसा झाला. ‘शेतकऱ्यांना’, ‘शेतकऱ्यांच्या’ ही रूपे १९९२ च्या दोन्ही बाजूंना सलग दिसू लागली, आणि ‘शेतकरी’ या मूळ रूपाशी असलेले त्यांचे प्रमाण फारसे हलले नाही. लेखाचा आराखडा मॅडमनी त्याच दिवशी मागे घेतला. तसे करताना त्यांनी विद्यार्थिनीला सांगितले, “अगं, हा निष्कर्ष गेला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तू काढलेली ती यादी प्रबंधात पहिल्या प्रकरणात घाल.” ती यादी आता तशीच, शब्दशः, प्रबंधात आहे.

प्रोग्राममध्ये तीन बदल कायमचे झाले. मराठी मजकुराची स्वच्छता आता प्रयोगशाळेच्या स्वतःच्या नियमांनीच होते आणि कोणताही मार्ग गुपचूप बदलत नाही. अपेक्षित साधन नसेल तर प्रोग्राम थांबतो. प्रत्येक शब्दासोबत त्याचा उगम, म्हणजे ओसीआर की परिवर्तक, हेही नोंदले जाते, जेणेकरून काळानुसार दिसणारा बदल उगमानुसार वेगळा करून पाहता यावा. आणि पूर्ण गणनेपूर्वी एक छोटी चाचणी चालते, जिच्यात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘भार्या’ आणि ‘भाऱ्या’ या जोड्या दिलेल्या असून त्यांतील अर्ध्या ‘र’चे शब्द ‘ऱ’, जोडक आणि नुक्ता अशा तिन्ही रीतींनी लिहिलेले आहेत. प्रत्येक जोडीतले दोन शब्द शेवटपर्यंत वेगळे राहिले आणि अर्ध्या ‘र’च्या प्रत्येक शब्दाच्या तिन्ही रीती एक झाल्या, तरच पुढचे काम सुरू होते.

विद्यार्थिनीने त्या मुक्तस्रोत पॅकेजसाठीही सुधारणा पाठवली. तिच्यानुसार अदृश्य चिन्हे पुसण्याआधी भाषा कोणती हे विचारले जाते आणि मराठी असल्यास अर्ध्या ‘र’चे रूपांतर आधी होते. पॅकेज सांभाळणाऱ्यांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली, आणि एक रास्त प्रश्न विचारला: हा नियम देवनागरीतील आणखी कोणत्या भाषांना लागू करायचा? नेपाळीत ‘गऱ्यो’सारख्या क्रियापदांत हाच अर्धा ‘र’ सर्रास येतो आणि तिथे तो बहुधा जोडकाच्या रीतीनेच लिहिला जातो, म्हणजे तिथे नुकसान अधिक होत असणार. संस्थेच्या वसतिगृहात नेपाळीभाषक विद्यार्थी आहेत. त्यांतील एकाने नेपाळी शब्दांची यादी करून द्यायचे मान्य केले आहे, आणि ती आली की दोन्ही भाषांच्या चाचण्या एकत्रच पाठवायच्या असे ठरले आहे.